बोर्डाचा माळी

खोली द्यायच्या आधी त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. तुझं गाव समुद्रापेक्षा वर आहे की खाली? कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथपासून या दारापर्यंत यायला तुला किती वेळ लागला? आणि झोपेत ओरडतोस का?

जर्सी सिटीत खोली शोधत फिरण्याचा तो माझा चौथा दिवस होता. आधीच्या तीन घरांत रीतसर चौकशी झाली होती. पूर्ण नाव, नोकरी, मांसमच्छी करतोस का. त्यातलं एक घर मराठी होतं. तिथल्या काकू पूर्ण नाव ऐकल्यावर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "खोली तशी आम्ही पाहुण्यांसाठीच ठेवलीय हो." नागपूर सोडताना मला वाटलं होतं की निदान हे थांबणं तरी मागे राहील.

त्यामुळे समुद्राबद्दलचा प्रश्न ऐकून मला बरंच वाटलं.

"नागपूर," मी म्हणालो. "समुद्रापासून खूप लांब. हजारेक फूट उंचावर."

"हजार फूट!" त्यांनी चष्मा काढला. "मग तिथे कुणी घाबरतच नसेल."

बूथपासून दारापर्यंत दीड मिनिट लागलं असं सांगितलं आणि झोपेचं मला माहीत नाही म्हणालो. खोली मिळाली.

हे घरमालक जॉर्जटाउनचे. गयाना देशाची राजधानी. नकाशात ती दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर दिसते, पण तिथली माणसं स्वतःला कॅरिबियनच म्हणवतात आणि क्रिकेट खेळतात ते वेस्ट इंडिजकडून. त्यांच्या आज्याला कलकत्त्याहून जहाजात घालून उसाच्या मळ्यावर नेलं होतं. 'आजा' हा शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा मी चमकलोच. भाषा सगळी गेली होती, पण आजा, आजी, काका, तवा, बेलना एवढे शब्द टिकले होते. त्यांचं इंग्रजी मला पहिले दोन महिने धड कळलं नाही. वाक्यातले निम्मे शब्द ते गिळत आणि उरलेले गाऊन म्हणत. इथे मी ते माझ्या मराठीत सांगतोय.

"मला काका म्हण," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. आडनाव त्यांनी कधीच विचारलं नाही. पुढे एकदा मीच विषय काढला, तर ते हसले. "अरे, जहाजावर एका फळीवर झोपले, एका भांड्यातलं जेवले. उतरल्यावर कोण कुणाला काय विचारणार?"

तीस वर्षं ते जॉर्जटाउनच्या बोर्डा मैदानावर होते. खेळपट्टी बनवायची, गवत राखायचं, रोलर फिरवायचा. आपल्याकडे या माणसाला मैदानाचा माळी म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना तो शब्द इतका आवडला की समोरच्या पोर्टोरिकन बाईंनासुद्धा ते "मी माळी" म्हणून सांगू लागले.

त्या मैदानाबद्दल त्यांनी मला किती सांगितलं असेल! कॅरिबियनमधल्या सगळ्यात जुन्या मैदानांपैकी एक. लाकडी पॅव्हेलियन, पांढरं रंगवलेलं. भोवती पाण्याचा चर, किल्ल्याला खंदक असतो तसा. तिकीट न मिळालेली माणसं चराच्या पलीकडे झाडांवर चढून मॅच बघायची, आणि एखाद्या फलंदाजाने चौकार मारला की फांदीसकट दोघंतिघं पाण्यात पडायची. शहरही तसंच. खांबांवर उभी असलेली लाकडी घरं, रस्त्याच्या मधून कालवे, कालव्यांत कमळं. आणि सगळ्याच्या वर समुद्र. भरतीच्या वेळी समुद्र शहरापेक्षा उंच असतो. एक लांबलचक भिंत त्याला अडवून धरते. पावसाचं पाणी बाहेर काढायचं तर ओहोटीची वाट बघायची, मग लाकडी झडपा उचलायच्या आणि भरती वळायच्या आत पुन्हा टाकायच्या.

"आमच्याकडे फलंदाजाने चेंडू उंच मारला," ते सांगायचे, "तरच तो समुद्राच्या पातळीला पोचतो."

हे सांगताना ते हसायचे, पण त्या समुद्राला ते घाबरून होते. जर्सी सिटीचं त्यांचं घर तीन मजली होतं आणि तळघर रिकामं होतं. तिथे त्यांनी एक खुर्चीसुद्धा ठेवली नव्हती. फ्रिजवर हडसन नदीच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं असे. मी एका कन्सल्टिंग फर्ममध्ये सांडपाण्याच्या लाइनींची ड्रॉइंग्ज काढायचो, हे कळल्यावर ते मला 'एंजिनेर' म्हणू लागले आणि रोज संध्याकाळी माझी उलटतपासणी घेत. आपल्या गल्लीचं पाणी कुठे जातं? तिथे झडप आहे का? ती कोण उघडतं?

"आपोआप उघडते, काका."

"आपोआप काही उघडत नसतं," ते म्हणत. "कुणीतरी माणूस असतो. त्याचं नाव तुला माहीत नाही, एवढंच."

पाऊस त्यांना वीस मिनिटं आधी कळायचा. जेवता जेवता हात थांबायचा, मान वळायची. "येतंय." मग ते वरच्या मजल्यावर जाऊन खिडकीपाशी उभे राहत. पाऊस थांबेपर्यंत खाली येत नसत. मागच्या अंगणात त्यांनी गवताचा एक पट्टा केला होता, दहा-बारा पावलांचा, कात्रीने कापलेला. काँक्रीट भरलेल्या ड्रमचा रोलर करून रविवारी ते त्यावर फिरवायचे. त्यावर कधीच कुणी खेळलं नाही. एकदा मी चुकून पाय ठेवला तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पोळ्यांची तऱ्हा आणखीच वेगळी. शनिवारी ते पोळ्या करत, आणि त्याआधी घरातले सगळे पडदे ओढून घेत. खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबत. कणीक रंगाच्या रिकाम्या डब्यांत, जिन्याखाली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. "काका, पोळीच करताय ना?"

"वास बाहेर जाता कामा नये."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या देशात काही वर्षं सरकारने गव्हाच्या पिठावर बंदी घातली होती. परकीय चलन वाचवायचं म्हणून. तांदळाचं खा म्हणाले. पण आजीपासून पोळी खात आलेली माणसं, ती काय सोडणार? पीठ चोरून यायचं, सोन्याच्या भावाने विकलं जायचं. पोलीस वासावरून घरात घुसायचे. त्यांच्या ओळखीच्या एका बाईला दोन शेर पिठापायी कोर्टात उभं केलं होतं.

"पण इथे अमेरिकेत कोण विचारतंय?"

"तिथेही आधी कुणी विचारत नव्हतं," ते म्हणाले आणि पोळी उलटली.

एवढं सगळं मी सोसलं असतं. माझ्या जिवावर येई तो दाराचा नियम. त्यांच्या पुढच्या दाराला एक कुलूप, दोन कड्या, एक साखळी आणि आतून आडवा लोखंडी अडसर होता. बाहेरून आलं की कोपऱ्यावरच्या बूथमधून घरी फोन करायचा. तीन रिंग होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. फोन उचलला जात नसल्यामुळे नाणं परत मिळायचं. मी चालत येईपर्यंत ते खाली उतरून अडसर काढत. बेल वाजवायची नाही, दार ठोठावायचं नाही.

"आणि हाक तर मारायचीच नाही," त्यांनी बजावलं होतं. "काही झालं तरी."

"का?"

"कारण मी उघडणार नाही."

मला वाटलं, म्हातारपणाची लहर आहे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मात्र आमच्या भागात सगळ्यांनीच कड्या वाढवल्या. पोरांच्या टोळ्या भारतीयांना गाठून मारू लागल्या होत्या. बायकांनी कुंकू लावणं सोडलं, साड्या कपाटात गेल्या. आमच्या ऑफिसातले सोमणकाका अमेरिकेत पंधरा वर्षं काढलेले. ते मला रोज लंचला सांगायचे, "एकटा फिरू नकोस यार. आणि कुणी काही बोललं तर इग्नोर कर. आपण इथे काम करायला आलोय, भांडायला नाही." रस्त्यावरून जाताना मोटारीतून कुणीतरी 'डॉट', म्हणजे टिकली, असं ओरडायचं. माझ्या कपाळावर काहीच नव्हतं, पण तरी मी कपाळ पुसायचो.

ऑगस्टमधला शनिवार. दुपार टळून गेलेली, उजेड चांगला होता, आणि पाऊस नुकताच सुरू झाला होता. मी लाँड्रीतून कपड्यांची पिशवी घेऊन निघालो. घर दोन चौकांवर राहिलं असताना तिघं जण माझ्यामागे येताना दिसले. त्यातला एक माझ्या ओळखीचा होता. म्हणजे कोपऱ्यापलीकडच्या पिझ्झाच्या दुकानात तो काउंटरवर असायचा. आठवड्यातून दोनदा तरी मी त्याच्याकडून पिझ्झाचा तुकडा घ्यायचो. मी वळून पाहिलं तेव्हा तो हसला, आणि ते हसणं पाहून मी पिशवी टाकून पळत सुटलो.

बूथ लागला. थांबायला वेळ नव्हता. मी पायऱ्या चढलो आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागलो.

"काका! काका, दार उघडा! मी आहे!"

आत जिन्यावर पावलं वाजली. भराभर खाली आली. दाराच्या पलीकडे, अगदी एका फळीच्या अंतरावर थांबली. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. खोटं सांगत नाही, धाप लागल्यासारखा तो श्वास मी ऐकला. अडसर हलला नाही.

"काका, प्लीज!"

मग मागून माझी कॉलर धरली गेली.

मार किती वेळ चालला मला सांगता येणार नाही. डावं मनगट मोडलं, एक दात गेला, बरगडीला चीर पडली. समोरच्या घरातल्या पोर्टोरिकन बाई खिडकीत येऊन पातेलं बडवत किंचाळायला लागल्या, तेव्हा ते तिघं पळाले. अँब्युलन्स त्या बाईंनीच बोलावली. मला स्ट्रेचरवर घेतलं तरी दार बंदच होतं.

हॉस्पिटलमध्ये पोलीस आला. अंगाने मोठा, बोलायला सौम्य. कोण होते, ओळखशील का, त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पाऊस होता."

माझा व्हिसा कंपनीच्या हातात होता. पिझ्झाचं दुकान माझ्या रोजच्या वाटेवर होतं. शिवाय सोमणकाका संध्याकाळी फळं घेऊन आले आणि म्हणाले, "रिपोर्ट झाला ना, बस्स. कोर्टबिर्टाचं डोक्यातून काढून टाक. ते सुटून येतील, तू तिथेच राहणार आहेस." मला ते पटलं. खरं तर ते बोलायच्या आधीच मला पटलेलं होतं.

तीन दिवसांनी घरी परतलो. सोमणकाकांनी मला मोटारीतून सोडलं. तीन रिंग द्यायची गरज पडली नाही, दार आधीच उघडं होतं आणि ते उंबऱ्यात उभे होते. माझ्याकडे न बघता त्यांनी पिशवी घेतली. मी वर गेलो आणि दार लावून पडून राहिलो. दुसरीकडे खोली बघायची हे नक्की केलं होतं. फक्त मनगट बरं होऊ दे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जेवणाचं ताट घेऊन वर आले. ताट टेबलावर ठेवलं आणि उभेच राहिले.

"बस म्हण," ते म्हणाले.

"बसा."

ते बसले, आणि खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले.

बोर्डावर त्यांच्याबरोबर आणखी एक माळी होता. आफ्रिकन वंशाचा, त्यांच्याच वयाचा. दोघांनी वीस वर्षं मिळून खेळपट्टी झाकली होती. जॉर्जटाउनचा पाऊस सांगून येत नाही. पुढच्या दिवशी मॅच असली आणि अवेळी ढग भरून आले, की तो मित्र यांच्या घरापाशी येऊन खालून हाक मारायचा, "वरून पाणी येतंय, चल!" आणि हे असतील तसे उठून धावायचे. ताडपत्री ओढायला चार हात लागतात. भारताचा संघ आला होता तेव्हा एका दिवसात नऊ वेळा ओढली होती त्यांनी, आणि भारतीय खेळाडू पॅव्हेलियनमध्ये पत्ते खेळत बसले होते.

मग वाईट वर्षं आली. दारं फोडून लुटणाऱ्या टोळ्या झाल्या. ज्यांची मुलं परदेशात, त्या घरात डॉलर असणार असा हिशोब. यांची मुलगी फ्लोरिडात. यांनी दाराला अडसर बसवला. एका संध्याकाळी ढग आले. बायको तव्यापाशी होती. खालून हाक आली, "वरून पाणी येतंय, चल!"

"मी खिडकीतून पाहिलं सुद्धा," ते म्हणाले. "तो पुढे होता. मागे तिघं. मला वाटलं, मैदानावरची पोरं असतील, ताडपत्रीला मदत म्हणून आणली असतील. आवाज त्याचाच होता ना. मी अडसर काढला."

त्या मित्राच्या पाठीला सुरा लावलेला होता. घरात काही सापडलं नाही म्हणून त्यांनी यांच्या बायकोच्या डोक्यात घण घातला. ती दोन दिवस जगली.

"तो मित्र?" मी विचारलं.

"अंत्ययात्रेला आला होता. लांब उभा राहिला. मैदानावर पुन्हा आला नाही. मी त्याला बोल लावला नाही कधी. दार मी उघडलं होतं."

त्यांनी खिडकीची कडी लागली आहे का ते पाहिलं.

"अनोळखी माणसाने दार बडवलं असतं तर शनिवारी मी कदाचित उघडलं असतं. पण तुझा आवाज होता. तू पुढे, मागे तिघं, आणि वर पाऊस. माझा हात अडसरावर होता, एंजिनेर. हात वर गेलाच नाही."

मला राग आलेला होता आणि तो गेला नाही. ऐकून माणसाचा राग लगेच विरघळतो हे खोटं आहे. पण मी खोली बघायला गेलो नाही, एवढं खरं.

उठता उठता त्यांनी विचारलं, "पोरं कोण होती?"

"माहीत नाही."

"मला एक माहीत आहे. डावा पाय जरा आत टाकून चालतो तो. पिझ्झावाला."

"तोंड पाहिलंत तुम्ही?"

"वरून तोंड कुठे दिसतं? चाल पाहिली."

मी पोळीचा तुकडा मोडत राहिलो.

पुढच्या सोमवारी सकाळी ते काळा सूट घालून खाली उतरले. हा सूट मी कधीच पाहिला नव्हता. वर्दीतला पोस्टमन दिसला तरी ते पडद्यामागे जात, आणि आता ते पोलीस स्टेशनला निघाले होते. "मी जातोय," ते म्हणाले. "तू ये किंवा येऊ नकोस." मी गेलो नाही. खिडकीतून पाहिलं. दर दहा पावलांवर ते थांबत होते, कुंपणाला हात लावत होते, आणि पुन्हा चालत होते. दोन चौकांच्या अंतराला त्यांना अर्धा तास लागला असावा.

दुपारी डिटेक्टिव्हचा फोन आला. काही फोटो बघायला येशील का?

गेलो तेव्हा ते अजून तिथेच बाकावर बसले होते, हात मांड्यांखाली दाबून. डिटेक्टिव्ह माझ्याशी हसत बोलला. "तुझे घरमालक म्हणतात, ते पोराला चालण्यावरून ओळखतात. आता हे मी जजला कसं सांगू?"

तेवढं ऐकून ते उठले. "सर," ते म्हणाले, "तीस वर्षं मी बाउंड्रीवर उभा होतो. तिथून तोंड दिसत नाही. पॅव्हेलियनमधून बाहेर पडणारा माणूस पाचव्या पावलाला मला कळायचा. आज घाबरलाय की नाही, तेही कळायचं. मी चूक करत नाही."

"माझा विश्वास आहे," डिटेक्टिव्ह म्हणाला, आणि मला वाटतं त्याचा खरंच होता. "पण मला तोंड पाहिलेला माणूस हवाय."

त्याने टेबलावर सहा फोटो मांडले. तिसरा तो होता. फोटोतही तसाच, हसण्याच्या बेतात असलेला. मी सगळे फोटो नीट पाहिले. एकेकावर सारखाच वेळ थांबलो.

"नाही," मी म्हणालो. "यातला कुणी नाही."

आम्ही दोघं चालत परत आलो. बूथपाशी आल्यावर ते म्हणाले, "ओळखलंस ना?"

"हो."

मला वाटलं, ते काही बोलतील. मी तर वाट बघत होतो त्यांनी बोलावं याची. त्यांनी नुसती मान हलवली.

"दाराच्या आतून कसं वाटतं ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

तीन आठवडे गेले. मी पिझ्झाच्या दुकानासमोरून जाणं सोडलं, एक लांबचा रस्ता धरला. मनगटाचं प्लास्टर निघायचं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर वर्तमानपत्रात बातमी आली. आमच्यापासून सहा चौकांवर एक गुजराती दुकानदार बायकोबरोबर बाजारातून घरी येत होता. तिघांनी त्यांना अडवलं. बायकोला ढकलून दिलं आणि त्याला बेसबॉलच्या बॅटने मारलं. तो बेशुद्ध होता. बायकोने वर्णन केलं होतं, त्यात डावा पाय आत टाकून पळणाऱ्या एका पोराचा उल्लेख होता.

ती बातमी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये वाचली, आणि तिथेच ओकलो. सोमणकाका बाहेरून विचारत होते, "अरे, काय झालं? डॉक्टरला कॉल करू का?" मी त्यांना काही न सांगता सुटी टाकली आणि सरळ पोलीस स्टेशनला गेलो. वाटेत काकांनाही घेतलं नाही. एकट्यानेच जायला हवं असं वाटलं.

"तिसरा," मी डिटेक्टिव्हला म्हणालो. "फोटो काढायचीसुद्धा गरज नाही. तिसरा."

त्याने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. काही बोलला असता तर सोपं गेलं असतं. त्याने नवा कागद घेतला आणि म्हणाला, "सुरुवातीपासून सांग."

माझी ओळख, त्या बाईंचं वर्णन आणि जुळणारी चाल, एवढं एकत्र आल्यावर पोरांच्या वकिलांनी खटला चालू दिलाच नाही. गुन्हा कबूल करून त्यांनी शिक्षा कमी करून घेतली. मला कोर्टात उभं राहावं लागलं नाही. माझा व्हिसा गेला नाही, नोकरी गेली नाही, कुणी माझ्या खिडकीवर दगडसुद्धा मारला नाही. ज्या ज्या गोष्टीला मी घाबरलो होतो त्यातली एकही झाली नाही.

त्या दुकानदाराला शुद्ध आली, पण वाचा आली नाही.

डिसेंबरात काका म्हणाले, "त्यांच्याकडे जाऊन येऊ." मी टाळलं. ते पुन्हा म्हणाले. एका रविवारी आम्ही गेलो. दाराला आतून साखळी होती. फटीतून एका बाईंचे डोळे दिसले. काकांनी आमची ओळख सांगितल्यावर साखळी निघाली.

दुकानदार खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल. तोंडाच्या एका बाजूने हसले. मुलगी शाळेची वही घेऊन त्यांच्या पायाशी बसली होती. बाईंनी चहा केला. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून हिंदीत म्हणाल्या, "भाईसाहब, सब डर गए थे. आप अकेले सामने आए. आप न होते तो वो लडके आज भी घूम रहे होते."

कप माझ्या हातात होता. मी काकांकडे पाहिलं. ते चहाकडे बघत होते. आत्ता सांगावं, असं वाटलं. वाक्यसुद्धा जुळवलं मनात. ते तीन आठवडे आधी, मी, फोटो. एवढेच शब्द होते. मुलीने वहीतून मान वर केली होती.

"नाही नाही," मी म्हणालो. "मी काय केलं?"

बाईंना तो विनय वाटला. त्यांचे डोळे भरून आले.

आम्ही रस्त्यावर आलो. थंडी होती, दोघांच्याही तोंडातून वाफ येत होती.

"सांगितलं नाहीस," काका म्हणाले.

"नाही."

"मी माझ्या मुलीला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, दार फोडलं होतं."

पुढच्या वसंतात मला व्हर्जिनियात हर्नडनला नोकरी मिळाली. काकांनी घर विकलं आणि ते मुलीकडे फ्लोरिडाला गेले. दोन वर्षांनी तिचा फोन आला की ते झोपेतच गेले. बोलता बोलता ती म्हणाली, "आईच्या वेळी त्यांनी किती प्रतिकार केला असेल ना, दार तुटेपर्यंत." मी हो म्हणालो.

त्या गुजराती बाईंचं कार्ड मात्र दर दिवाळीला येतं. बारीक, तिरप्या अक्षरात वर लिहिलेलं असतं, 'हमारे बहादुर भाई को'. मीही त्यांना कार्ड पाठवतो. मुलीचं लग्न झालं, यजमानांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, असं सगळं त्या कळवतात. उत्तर लिहायला बसलो की दर वर्षी मी ठरवतो, या वेळी खाली दोन ओळी जास्त लिहायच्या. मग तब्येतीची चौकशी करतो, सगळ्यांना नमस्कार कळवतो, आणि पाकीट बंद करतो.